निफ्टी म्हणजे नक्की काय? निर्देशांक आणि इंडेक्स फंड यांची ओळख

आपल्या मंडळाच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी जो ज्येष्ठांचा कट्टा जमतो, तिथे मागे एक प्रसंग घडला. दांडिया बाजारातल्या एक काकू नेहमी पहिल्या रांगेत बसतात. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या निवृत्तीची रक्कम बँकेत मुदत ठेवीत आहे आणि तिची मुदत येत्या दोन महिन्यांत संपते. काकूंनी मला विचारलं, "अहो, मुलगा म्हणतो थोडे पैसे निफ्टीच्या फंडात टाक. पण माझ्या भाच्याने निफ्टीतच अडीच लाख घालवले. मग मुलगा मला खड्ड्यात का ढकलतोय?"

प्रश्न ऐकून दोन-चार जण हसले, पण काकू हसत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने हा पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न होता. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कट्ट्यावर जमेल तेवढं सांगितलं, पण वेळ पुरला नाही. काकूंसारखा प्रश्न मंडळातल्या इतर घरांतही असणार, म्हणून तेच जरा सविस्तर इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भाचा जे करत होता आणि मुलगा जे सुचवत होता, त्या दोन्हींत "निफ्टी" हा शब्द आहे, पण गोष्टी संपूर्ण वेगळ्या आहेत. वेगळ्या कशा ते कळायला आधी निर्देशांक म्हणजे काय ते पाहू.

निर्देशांक कशासाठी?

शेअर बाजारात हजारो कंपन्या नोंदलेल्या आहेत. रोज काहींचे भाव चढतात, काहींचे उतरतात. मग "आज बाजार वर गेला" हे कशावरून म्हणायचं? भातातलं शीत दाबून आपण भात शिजला का ते पाहतो, तसाच हा प्रकार. निवडक मोठ्या कंपन्या घ्यायच्या, त्यांच्या किमतींवरून एक आकडा काढायचा आणि तो आकडा वर-खाली होतो त्यावरून बाजाराचा कल ओळखायचा. हा आकडा म्हणजेच निर्देशांक, इंग्रजीतला इंडेक्स.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतला डाऊ जोन्स निर्देशांक १८९६ मध्ये १२ कंपन्यांवर सुरू झाला. आपल्याकडे मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा, पण त्याचा सेन्सेक्स आला १ जानेवारी १९८६ ला. त्यात ३० कंपन्या घेतल्या आणि १९७८-७९ सालची पातळी १०० धरली. "सेन्सिटिव्ह" आणि "इंडेक्स" हे दोन शब्द जोडून "सेन्सेक्स" हे नाव रूढ केलं ते शेअर बाजाराचे विश्लेषक दीपक मोहोनी यांनी. पुढे राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९६ मध्ये ५० कंपन्यांचा निर्देशांक आणला, तो निफ्टी ५०. त्याची ३ नोव्हेंबर १९९५ ची पातळी १००० धरलेली आहे.

म्हणजे रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो "आजे निफ्टी केटली?" असं विचारतो, तेव्हा तो या ५० कंपन्यांच्या एकत्रित मोजमापाचा आकडा विचारत असतो. निफ्टी हा काही एखाद्या कंपनीचा शेअर नाही.

हा आकडा काढतात कसा?

समजा, आपण तीनच कंपन्यांचा एक निर्देशांक बनवला. त्याला गमतीने मांडवी निर्देशांक म्हणू.

पहिल्या कंपनीचे एकूण १० कोटी शेअर आहेत, पण त्यांतले ४ कोटी मालक कुटुंबाकडे कायमचे आहेत. म्हणजे बाजारात फिरणारे ६ कोटी. दुसरीचे फिरणारे शेअर ३ कोटी, तिसरीचे १ कोटी. आज तिघींचा भाव प्रत्येकी १०० रुपये आहे. फिरत्या शेअरांची किंमत झाली अनुक्रमे ६०० कोटी, ३०० कोटी आणि १०० कोटी. बेरीज १००० कोटी. आजची पातळी आपण १००० धरली.

उद्या पहिलीचा भाव १० टक्के वाढला, तिसरीचा १० टक्के उतरला, दुसरीचा तसाच राहिला. आता किंमत झाली ६६०, ३०० आणि ९०. बेरीज १०५०. म्हणून निर्देशांक १०५०, म्हणजे ५ टक्के वर.

एक वाढली आणि एक तेवढ्याच टक्क्यांनी पडली, तरी निर्देशांक वर गेला, कारण पहिलीचं वजन जास्त आहे. निफ्टी आणि सेन्सेक्स दोन्ही याच पद्धतीने मोजले जातात. मालकांकडचे किंवा सरकारकडचे अडकलेले शेअर सोडून फक्त फिरत्या शेअरांची किंमत धरतात. एलआयसीचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये एलआयसी बाजारात आली तेव्हा सरकारने फक्त साडेतीन टक्के हिस्सा विकला, साडेशहाण्णव टक्के स्वतःकडे ठेवला. कंपनी केवढी तरी मोठी, पण फिरता हिस्सा लहान. त्यामुळे निर्देशांकाच्या हिशेबात तिचा आकार लहानच दिसतो.

यादी कायमची नसते

निफ्टीची यादी वर्षातून दोनदा तपासतात आणि बदल मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात. ज्या कंपन्यांचा आकार घटला, त्या बाहेर जातात आणि वाढलेल्या आत येतात. सेन्सेक्सच्या सुरुवातीच्या यादीत फियाट गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, अॅम्बेसेडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स होती. आज त्या गाड्या लग्नाच्या जुन्या फोटोंतच दिसतात. कंपन्या यादीतून गेल्या, निर्देशांक मात्र पुढे चालत राहिला.

हैदराबादच्या सत्यम कंपनीची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या अध्यक्षांनीच हिशेबातला घोटाळा कबूल केला आणि एका दिवसात शेअरचा भाव तीन-चतुर्थांशाहून जास्त कोसळला. सत्यम तेव्हा सेन्सेक्समध्येही होती आणि निफ्टीतही. काही दिवसांतच तिला दोन्हींतून काढलं. ज्यांनी सगळी पुंजी एका सत्यममध्ये ठेवली होती, त्यांचं आयुष्यभराचं नुकसान झालं. ज्यांचे पैसे संपूर्ण निफ्टीत विखुरलेले होते, त्यांनाही झळ लागली, पण ती पन्नासातल्या एका कंपनीच्या वजनाएवढीच.

इंडेक्स फंड म्हणजे काय?

आता मुलगा जे सुचवत होता त्याकडे येऊ. साध्या म्युच्युअल फंडात एक व्यवस्थापक असतो. कोणता शेअर घ्यायचा, कोणता विकायचा ते तो अभ्यास करून ठरवतो. इंडेक्स फंडात असं ठरवणं नसतं. निर्देशांकात जी कंपनी ज्या वजनाने आहे, ती त्याच वजनाने घ्यायची. आपल्या मांडवी निर्देशांकाचा फंड असता, तर त्याने १०० रुपयांतले ६० पहिल्या कंपनीत, ३० दुसरीत आणि १० तिसरीत घातले असते, बस. भाव वाढला की त्या कंपनीचं वजन आपोआप वाढतं, त्यामुळे रोज खरेदी-विक्री करावी लागत नाही. यादी बदलली की तेवढाच बदल करायचा.

अमेरिकेत जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड कंपनीतर्फे १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले सव्वा कोटीच्याही आत. "नुसती सरासरी मिळवायला कोण पैसे देईल?" म्हणून लोकांनी चेष्टा केली. आज तीच पद्धत जगभर चालते. आपल्याकडे हे फंड १९९९-२००० च्या सुमारास आले.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, म्हणजे आपली पीएफवाली ईपीएफओ, ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमा रकमेचा काही भाग निफ्टी व सेन्सेक्सवर आधारलेल्या फंडांत गुंतवते. म्हणजे घरातला नोकरदार मुलगा किंवा सून नकळत आधीच तिथे असू शकते.

सरासरीत समाधान का मानायचं?

हा प्रश्न कट्ट्यावरही आला. उत्तर खर्चात आहे. फंड चालवण्याचा खर्च आपल्या पैशांतूनच, रोज थोडा थोडा वजा होतो. वेगळं बिल येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. व्यवस्थापक असलेल्या फंडाचा एजंटामार्फत घेतलेला प्रकार बहुधा वर्षाला दीड ते दोन टक्के खर्च लावतो. इंडेक्स फंडाचा थेट घेतलेला प्रकार पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी लावतो.

दीड टक्क्याने काय होतं? हिशेब करून पाहू. एक लाख रुपये २५ वर्षांसाठी ठेवले आणि खर्चाआधीचा परतावा दोन्हीकडे वर्षाला ११ टक्केच धरला. हा आकडा केवळ उदाहरणापुरता आहे, हमी नव्हे. खर्च ०.२ टक्के असेल तर हाती येतात सुमारे १३ लाख. खर्च १.७ टक्के असेल तर सुमारे सव्वानऊ लाख. पावणेचार लाखांचा फरक पडला, तोही नुसत्या खर्चामुळे.

व्यवस्थापक हुशार असेल तर हा खर्च भरून काढू शकतो, काही जण काढतातही. पण मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांपैकी बरेचसे फंड लांबच्या काळात निर्देशांकाच्या मागे राहतात असं भारतातही दिसून आलं आहे. आणि पुढची वीस वर्षं कोणता व्यवस्थापक चांगला ठरेल, ते आज ओळखणं आपल्याला शक्य नाही.

पडतो तेव्हा हाही पडतो

आता दुसरी बाजू. ही बाजू विक्रेते घाईघाईत उरकतात, म्हणून मी मुद्दाम सावकाश सांगतो.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिवसाच्या व्यवहारात तो ८,००० च्या खाली आला. एक लाखाचे चाळीस हजारही राहिले नाहीत. ती जुनी उंची ओलांडायला २०१३ ची अखेर उजाडली. २३ मार्च २०२० ला, करोनाच्या धास्तीने, सेन्सेक्स एकाच दिवसात १३ टक्क्यांहून जास्त पडला.

जपानमध्ये तर डिसेंबर १९८९ मध्ये निक्केई निर्देशांकाने जी उंची गाठली, ती पुन्हा गाठायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं! तेव्हा "निर्देशांक नेहमी वरच जातो" असं कोणी सांगितलं, तर त्यांना जपान आठवून द्या.

सुरुवात केव्हा केली यावरही पुष्कळ अवलंबून असतं. २००८ च्या शिखरावर एकरकमी पैसे घालणाऱ्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये, सेन्सेक्स ८५,००० ला पोचला तेव्हा, साधारण चौपट झाले. वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या आसपास, लाभांश वेगळा. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स ८,००० च्या जवळ असताना ज्याने घातले, त्याचे त्याच दिवशी दहापट झाले होते. बाजार तोच, निर्देशांकही तोच, फरक फक्त सुरुवातीच्या दिवसाचा. तो दिवस नेमका पकडणं कोणालाच जमत नाही, म्हणूनच दरमहा ठरावीक रक्कम घालायची पद्धत, जिला एसआयपी म्हणतात, नोकरदारांना सोयीची पडते. बाजार वर असताना कमी युनिटं मिळतात, खाली असताना जास्त.

निफ्टी ५० मध्ये पन्नास कंपन्या असल्या, तरी जवळजवळ एक तृतीयांश वजन बँका आणि वित्तसंस्थांचं असतं, हेही ध्यानात ठेवावं. बँकांना ताप आला की निफ्टीलाही कणकण येते.

भाच्याचं काय चुकलं?

भाचा इंडेक्स फंड घेत नव्हता. तो निफ्टीचे "ऑप्शन" घेत होता. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत निफ्टी अमुक आकड्याच्या वर किंवा खाली जाईल यावर पैसे लावणारा करार. अंदाज चुकला किंवा बरोबर ठरायला उशीर झाला, तरी तारीख उलटली की भरलेले पैसे संपूर्ण बुडू शकतात. फंडात तुम्ही कंपन्यांचे भागीदार असता. भाव पडला तरी कंपन्या राहतात, कारखाने चालतात आणि तुम्ही वाट पाहू शकता. ऑप्शनमध्ये वाट पाहायची सोयच नसते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी नुकसान सोसलं. एकूण नुकसान १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. आपला भाचा त्या ९३ मधला एक. त्याला दोष देऊन काय उपयोग? मोबाइलवर दोन मिनिटांत खातं उघडतं आणि "निफ्टी" हे नाव ओळखीचं वाटतं. घरातल्या तरुण मुलांशी याबद्दल मोकळेपणाने बोला, रागावून नको. रागावलं की नुकसान झाकून ठेवतात आणि ते भरून काढायला आणखी पैसे लावतात.

घेण्याआधी काय पाहावं?

पहिलं म्हणजे नाव नीट वाचा. निफ्टी ५०, निफ्टी नेक्स्ट ५०, निफ्टी बँक, निफ्टी मिडकॅप ही सगळी भावंडं वाटली, तरी स्वभाव वेगवेगळे आहेत. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याला निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स समजायला सोपा.

दुसरं, प्रत्येक फंडाचे दोन प्रकार असतात: डायरेक्ट आणि रेग्युलर. डायरेक्टमध्ये मध्यस्थाचं कमिशन नसतं, म्हणून खर्च कमी. पण कागदपत्रं आणि निर्णय आपण सांभाळायचे. ते जमत नसेल, तर चांगल्या मध्यस्थाला चार पैसे देण्यात कमीपणा नाही. फक्त आपण देतोय हे माहीत असावं.

तिसरं, फंड निर्देशांकाच्या किती जवळ चालतो ते पाहा. या फरकाला "ट्रॅकिंग डिफरन्स" म्हणतात. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांत निवड करताना कमी खर्च आणि कमी फरक, एवढंच पाहायचं. तुलना करताना लाभांश धरलेल्या, म्हणजे "टोटल रिटर्न" निर्देशांकाशी करावी.

चौथं, ईटीएफ नावाचा प्रकारही असतो. तो शेअरसारखा बाजारात विकत घेतात, त्यासाठी डीमॅट खातं लागतं. खातं नसेल तर साधा इंडेक्स फंड पुरे.

पाचवं, कर. फंड १२ महिन्यांहून जास्त ठेवून विकला, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. त्याआधी विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून विकण्याआधी विचारून घ्यावं.

आणि सहावं, सगळ्यांत महत्त्वाचं: वारसाचं नाव नोंदवा आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवा. काका गेल्यावर काकूंना एका जुन्या फंडाचा कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडला होता. बँकेत असताना असे कागद घेऊन आलेल्या किती तरी बायका मी पाहिल्या आहेत.

काकूंनी काय ठरवलं?

आपण बडोदेकर बँकेवर विश्वास ठेवणारी माणसं. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये इथे बँक ऑफ बडोदा स्थापन केली, तेव्हापासून बँकेत पैसे ठेवणं हा आपल्या घरांतला संस्कारच आहे. त्यात काही चूक नाही. मुदत ठेवीचं व्याज ठरलेलं असतं आणि एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. पण महागाई त्या व्याजाला पोखरत राहते, हेही खरं.

काकूंना मी फंडाचं नाव सांगितलं नाही. मी काही सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही. मी फक्त तीन प्रश्न विचारले. महिन्याचा खर्च कशातून भागतो? दवाखान्यासाठी लगेच हाती येईल अशी रक्कम किती? आणि असा कोणता पैसा आहे, ज्याला पुढची सात-आठ वर्षं हात लावावा लागणार नाही? पहिल्या दोन प्रश्नांची रक्कम बँकेतच राहायला हवी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य असेल, तर इंडेक्स फंडाचा विचारच नको.

काकू पुढच्या शनिवारी वहीत आकडे मांडून घेऊन आल्या. बहुतेक रक्कम त्यांनी पुन्हा ठेवीतच ठेवायची ठरवली आहे. एक लहान भाग, नातीच्या शिक्षणासाठी म्हणून, बारा महिन्यांत थोडा थोडा करून निफ्टी ५० च्या फंडात घालायचा आहे. वारस म्हणून मुलीचं नाव. जाताना म्हणाल्या, "पडला तर तुम्हाला बोल लावणार नाही. पण पडल्यावर विकू का, असं विचारायला नक्की येईन."

मी म्हटलं, अवश्य या, तेव्हाच तर यायला हवं. निर्देशांक समजून घेणं सोपं असतं. तो पडलेला असताना शांत राहणं मात्र कठीण, आणि त्यासाठीच कट्टा आहे. येताना भाच्यालाही घेऊन या, एवढं मात्र सांगून ठेवलंय.